मागचे दीडशे फूट

माझ्या होडीची कागदावरची लांबी 18 फूट आहे. एप्रिल-मे महिन्यांत, शनिवारी पहाटे न्यू जर्सीच्या रॅरिटन उपसागरात ती जवळजवळ 170 फूट असते. मागच्या दोन्ही कडांना एकेक रॉड, प्रत्येक रॉडमधून पाण्यात सोडलेला दीडशे फूट दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला शिशाच्या डोक्याचा मोजो. हे दीडशे फूट माझ्या होडीचाच भाग आहेत. या पाण्यात फार थोड्या लोकांना हे मान्य आहे. माझी तक्रार तेवढीच आहे, पण ती मी मनापासून करतो.

रॅरिटन उपसागर स्टॅटन आयलंडच्या दक्षिणेला येतो. पूर्वेला सँडी हूकची वाळूची जीभ. तिच्यावरचं दीपगृह 1764 पासून उभं आहे आणि अजून पेटतं. पाणी बरंचसं उथळ, 20-25 फूट. मधून जहाजांसाठी खणलेला 35 फूट खोल मार्ग जातो. उथळ असल्यामुळे हे पाणी वसंतात बाहेरच्या समुद्राआधी कोमट होतं, बंकर नावाचे तेलकट मासे, आपल्या तारलीच्या गोतातले, थव्यांनी आत येतात आणि त्यांच्यामागे स्ट्राइप्ड बास येतो. रुपेरी अंगावर काळ्या आडव्या रेघा, रुंद शेपूट. हडसन नदीत अंडी घालायला चढण्यापूर्वी तो इथे खाऊन घेतो. एडिसन गावातले आमचे ओळखीचे लोक विचारतात, जिताड्यासारखा लागतो का? चव थोडी जवळ जाते, पण जन्माची रीत उलटी आहे. जिताडा अंडी घालायला खाडीच्या तोंडाकडे उतरतो, हा नदीत वर चढतो.

एप्रिलच्या गार पाण्यात बास तळाशी असतो. होडी माणसाच्या चालीने, तासाला तीनेक मैलांनी चालते आणि तेवढ्या वेगानेही दोरा पाण्यावर उचलला जातो. ल्यूर, म्हणजे खोटं आमिष, तळाजवळ ठेवायची तर वजन हवं. म्हणून मोजो. रंगवलेलं शिशाचं डोकं, त्यात एकच मोठा गळ, मागे रबरी मासा. माझ्याकडचा मोठा मोजो 24 औंसांचा आहे, म्हणजे 680 ग्रॅम. तीन तोंडांच्या भोवरकडीला आखूड दोऱ्यावर हा जड मोजो आणि लांब दोऱ्यावर दुसरा हलका. रबरी शेपटी हलली की तिचा ठोका दोऱ्यातून रॉडच्या शेंड्यापर्यंत येतो. तासन् तास नजर त्या शेंड्यावर असते, कारण मागचं बाकी काहीच दिसत नाही.

वसंतात पाण्यात शेवाळ फार असतं. लालसर, तपकिरी, केसांसारखं. ते गळावर बसलं की शेपटीचा ठोका थांबतो आणि ती ल्यूर पुढे कितीही वेळ ओढली तरी मासा तिच्याकडे बघत नाही. मोठ्या होडीवर पाचसहा दोरे असतात, एक मेला तरी चार-पाच जिवंत राहतात. माझे दोन. जड शिशामुळे रॉड आधीच वाकलेला असतो, त्यामुळे ठोका थांबल्याचं लगेच कळतही नाही. मग इंजिन मंद करायचं, दीडशे फूट दोरा आणि दोन्ही मोजो हाताने गुंडाळून वर आणायचे, शेवाळाचा झुबका ओरबाडायचा, परत सोडायचं. एका पहाटेला हे दहा-बारा वेळा होतं. मी त्याला दोष देत नाही, शेवाळ त्याच्या घरी आहे. पण किनाऱ्यावर कुणी म्हणालं की "नुसती होडी फिरवायची, त्यात काय कष्ट," तर त्याने एकदा माझ्याबरोबर यावं.

वळण हे त्याहून अवघड. होडी डावीकडे वळली की डावीकडचा दोरा जागच्या जागी थबकतो, शिसं बुडतं आणि मोजो तळाच्या चिखलात रुततो. उजवीकडचा दोरा वेग घेऊन वर येतो. वळण घाईने घेतलं तर वरचा दोरा खालच्यावर जातो आणि दोन्ही जड मोजो एकमेकांभोवती फिरतात. विणलेला दोरा शिशाच्या मानेत आवळला की सोडवता येत नाही, कापावा लागतो. रुंद होडीवर दोन रॉडच्या शेंड्यांमध्ये बरंच अंतर मिळतं. माझी होडी साडेसात फूट रुंद. म्हणून मी एक दोरा आखूड, एक लांब ठेवतो आणि मोठ्या शेतात नांगर वळवावा तसं लांबलचक वळण घेतो. हे वळण पूर्ण होईपर्यंत मला रिकामं पाणी लागतं. ते मला मिळत नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मेहुणा बरोबर होता. सहाची वेळ, वारा पडलेला. वळण अर्ध्यावर असताना तीन इंजिनांची एक मोठी होडी आमच्या मागून, जेमतेम 20 फुटांवरून आडवी गेली. डावीकडच्या रिळातून दोरा किंचाळत सुटला. मेहुणा ओरडला, "भावोजी, लागला! मोठा आहे!" मोठाच होता, पण मासा नव्हता. दोरा त्यांच्या पंख्यात गेला होता. रॉड होल्डर चारपैकी दोन स्क्रू घेऊन उखडला, दोरा तुटला, मोजो तळाला गेला. होडीवरच्या माणसाने लांबून हात हलवला. त्याला वाटलं आम्ही त्याला हात दाखवतोय. त्याने काही पाहिलंच नव्हतं आणि मला हेच जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं तर भांडता आलं असतं.

रॉड होल्डरची चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली. पातळ फायबरला नुसते स्क्रू टिकत नाहीत. आता आरपार बोल्ट आहेत, आतून पत्रा आहे आणि प्रत्येक रॉडला वेगळा दोर बांधलेला आहे. छोट्या होडीवर जड मोजो ओढणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्या दिवशीच करावं. होडी बांधणाऱ्याने ती जागा इतक्या ओढीसाठी केलेली नसते.

मागून आडवं जाण्याची सवय लोकांना का लागते, हे मला समजतं. बहुतेक वेळा तसं गेल्याने काही होत नाही. शिसं जड असतं, दोरा तिरपा खाली जातो आणि होडीपासून 50-60 फुटांवर तो कुणाच्याही पंख्याच्या बराच खाली असतो. नऊ वेळा काही झालं नाही म्हणून दहाव्यांदाही माणूस तसाच जातो. पण मासा लागला की सगळं बदलतं. मी वेग कमी करतो, बास वर येतो, पृष्ठभागावर पाणी उडवतो आणि खोल गेलेला दोरा सबंध वर येऊन ताणला जातो. त्या वेळी 100 फुटांवरून गेलेली होडीसुद्धा दोरा कापते. पंखा चुकला तरी तिची लाट येते. 18 फुटांची होडी त्या लाटेवर कलंडते, शेंडा खाली येतो, दोरा क्षणभर सैल पडतो. मोजोच्या जाड गळाने माशाच्या ओठाला मोठं भोक पाडलेलं असतं. तो एक क्षण त्याला पुरतो.

मी कायदा पाहिला. समुद्रातील टकरी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत तिसऱ्याच नियमात 'मासेमारीत गुंतलेलं जहाज' याची व्याख्या आहे. जाळी किंवा दोरे यांमुळे ज्याच्या हालचालीला अडथळा येतो ते. त्यातून ट्रोलिंग करणारी, म्हणजे माझ्यासारखी दोरे मागे ओढत चालणारी, होडी स्पष्ट शब्दांत वगळली आहे. रॅरिटन उपसागराला अमेरिकेचे अंतर्गत जलमार्गांचे नियम लागू होतात, त्यांतही व्याख्या हीच. म्हणजे माझ्या हालचालीला अडथळा नाही, असं कायदा म्हणतो. एका अर्थी ते खरं आहे. मी केव्हाही सुकाणू वळवू शकतो, इंजिन थांबवू शकतो. थांबवलं की काही सेकंदांत दोन्ही मोजो तळाला जातात आणि तळाशी टाकून दिलेल्या पिंजऱ्यांचे दोर असतात. टँकर आला तर मी थांबतोच, वळतोच, मार्ग मोकळा करतोच. मोठ्या जहाजाने मला वाट द्यावी, हा हक्क मला नको आहे. पण जिथे चारही बाजूंना मैलभर पाणी मोकळं आहे तिथे माझ्याच मागून 20 फुटांवरून जाण्याची गरज कुणाला नाही.

अलिबागला मामाच्या होडीत बसायचो तेव्हा बोया दिसला की मामा सुकाणू वळवायचा. बोया म्हणजे खाली कुणाचं तरी जाळं. विचारायचं नाही, वळसा घालायचा. मी लहान होतो, मला वाटायचं समुद्रात सगळीकडे असंच असतं. माझ्या दोऱ्याच्या टोकाला बोया नाही, कारण ते टोक तळाजवळ पोहत असतं. पण बाहेर वाकलेले दोन रॉड आणि चालण्याचा वेग ही खूण आहे. ती ओळखायला शिकवणं अवघड नाही. या राज्यात मोटरची होडी चालवायला सुरक्षा प्रमाणपत्र लागतं. त्याच्या वर्गात ही खूण पाच मिनिटांत सांगता येईल.

या दोऱ्याची मला एवढी काळजी का, हे घरी विचारतात. मासे तर बहुतेक सोडून देता, म्हणतात. देतो. 2023 पासून मनोरंजनासाठी मासेमारी करणाऱ्याला सर्वसाधारण नियमाने दिवसाला एकच बास ठेवता येतो आणि तो 28 ते 31 इंचांतला असावा लागतो. आमच्या मोजोवर येणारे पुष्कळदा त्याहून मोठे. मोठ्या बहुतेक माद्या असतात, अंड्यांनी भरलेल्या. चेसापीक उपसागरात 2019 पासून पिल्लांची पैदास सलग कमी आहे. 1985 मध्ये मेरीलँडने ही मासेमारी पाच वर्षं पूर्ण बंद केली होती, तेव्हा कुठे बास परत आला. म्हणून 31 इंचांच्या वरचा मासा मी होडीत घेत नाही. होडीचा काठ बुटका आहे, हात पाण्यातच घालून गळ काढतो. छोट्या होडीची ही एक गोष्ट मोठ्या होडीला जमत नाही. जाड दोरा आणि जड रीळ असल्यामुळे तो दमून मरायच्या आत हाताशी येतो, हलक्या काठीवर अर्धा तास खेळवावा लागत नाही.

पण तुटलेल्या दोऱ्याचा बास तसा सुटत नाही. पंख्याने दोरा कापला की त्याच्या ओठात 680 ग्रॅम शिसं आणि गळाजवळचा दोरा लोंबकळत राहतो. त्या वजनासह तो हडसन चढायला निघतो. मोजोची किंमत मी विसरतो, हा मासा मला विसरता येत नाही.

तेव्हा न्यू जर्सीतल्या आणि न्यूयॉर्कमधल्या, होडी घेणाऱ्या माझ्या सगळ्या मराठी मित्रांना विनंती आहे. वसंतात या उपसागरात दोन रॉड बाहेर वाकवून चालण्याच्या वेगाने जाणारी छोटी होडी दिसली, तर तिच्या नाळेपुढून, बरंच अंतर ठेवून जा. मागूनच जायचं असेल तर 200 फूट मोजून जा आणि तेवढ्यापुरता वेग कमी करा.