अर्धं तिकीट, अख्खं बेट

डिसेंबरात ऊन विकत घ्यायला विमानाने जायचं, हे शहागडात कोणालाही पटवून देणं अवघड आहे. आमच्याकडे थंडीत ऊन फुकट मिळतं, तेही ओट्यावर घरपोच. गोदावरीवरचं धुकं विरलं की अख्खी गल्ली भिंतीला पाठ लावून बसते. शेंगा फोडणं, तूर निवडणं आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करणं ही कामं त्या उन्हातच उरकतात. त्यामुळे मी अंदमानला निघालेय, आणि एकटीच, हे कळल्यावर ओट्यावर दोन पक्ष पडले. "समुद्रात काय पाहायचं? पाणीच की!" हा एक. "कोण हाय संगं?" हा दुसरा. दुसरा पक्ष मोठा होता.

आमचे हे येऊ शकत नव्हते, कारण ऊस उभा होता. कारखान्याची तोड कधी येईल ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही, आणि टोळी येईल तेव्हा मालक बांधावर नसला तर ती पुढच्याच्या फडात शिरते. मी मात्र जिल्हा परिषदेच्या शाळेतून सुटले होते. नोकरीभर ज्या ठिपक्यांवर छडी टेकवून "हे अंदमान" म्हटलं, त्यांच्यावर एकदा प्रत्यक्ष पाय टेकवायचा होता. जाऊबाईंनी एकच अट घातली: "आधी राक्षसभुवनाला शनीला तेल वाहून या, मग शिरा पाण्यात." ते तर नदीपलीकडेच. १७६३ साली माधवराव पेशव्यांनी निजामाला जिथे हरवलं, तिथे माझ्या एका सहलीचं विघ्न टळायला काय हरकत होती?

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टर आमच्याच शाळेचा विद्यार्थी निघाला.

"कुठं, बाई?"

"संभाजीनगर. तिथून मुंबई, चेन्नई आणि अंदमान."

त्याने हातातल्या मशीनकडे गंभीरपणे पाहिलं. "ते नाही याच्यात."

नसणारच. एसटीतून उतरलं की सवलत संपते आणि उलटा हिशोब सुरू होतो. हॉटेलचे दर माणशी असतात, पण एका खोलीत दोन माणसं धरून. दुसरं माणूस आणलं नाही तरी त्याचे पैसे आणावे लागतात. म्हणजे महामंडळाच्या लेखी मी अर्धी, हॉटेलच्या लेखी दोन. गणित माझा विषय नव्हता, तरी सरासरी काढून पाहिली. सव्वा बाई येते.

पोर्ट ब्लेअरचं नाव आता श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं २०१८ साली स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. पाटीवर एक आणि तोंडात दुसरं, याची आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना चांगली सवय असल्यामुळे मी कुठेही चुकले नाही. सूर्याने मात्र फसवलं. शाळेत घसा कोरडा करून शिकवलं होतं की देशाची घड्याळं साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत, आणि दर रेखांशाला चार मिनिटांचा फरक पडतो. शहागडापासून अंदमान सुमारे सतरा रेखांश पूर्वेला. सतरा चोक अडुसष्ट. हे फळ्यावर सोडवणं वेगळं, आणि पाच वाजता चहाचा कप हातात असताना सूर्याने चालू पडणं वेगळं. आवराआवर करून "उन्हात बसायला" बाहेर आले तर दिवे लागलेले. ऊन पाहिजे असेल तर पहाटे उठा. म्हणजे घरच्यासारखंच.

सेल्युलर जेलमध्ये मात्र कोणताही विनोद सुचत नाही. एका माणसाला दुसऱ्यापासून तोडण्यासाठी इंग्रजांनी १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधकाम केलं. सात इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या, एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे, कोणी कोणाला दिसायला नको. त्यांपैकी आता तीन उभ्या आहेत. वरच्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी माणसांची ही रांग. चप्पल बाहेर काढून आत जायचं, भिंतीला हात लावायचा आणि न बोलता परतायचं. एवढी मराठी माणसं एका जागी आणि एवढी शांतता, हे मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

स्वराज द्वीपावरच्या हॉटेलात खोलीचं दार उघडलं, तर पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसलेले. भोवती गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम. टूथब्रश दोन, कप दोन, चपला दोन जोड. पैसे दोघांचे भरले होते, तेव्हा मी दोन्ही जोड वापरले: एक सकाळी, एक संध्याकाळी. जेवण घेऊन येणाऱ्या बंगाली पोराला दुसऱ्या खुर्चीची फार काळजी.

"मॅडम, सर कब आयेंगे?"

"गन्ना कटने के बाद."

त्याने मान डोलवली. दुसऱ्या दिवशीही त्याने ताट दोघांचंच मांडलं.

रात्री मी त्या पलंगावर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी झोपले. पंखा माझ्या वेगाने, खिडकी माझ्या मर्जीने, आणि पहाटे कोणाच्या खोकल्याने जाग नाही. एवढ्यासाठी हॉटेलवाल्याला तिसऱ्या माणसाचेही पैसे दिले असते.

राधानगरच्या किनाऱ्याला 'टाइम' मासिकाने २००४ साली आशियातला सर्वोत्तम ठरवलं होतं. मला बाकीचा आशिया माहीत नाही, पण वाळू पिठीसारखी आणि मागे उंचच उंच झाडं. दोन परदेशी बायका सकाळपासून पालथ्या पडून ऊन खात होत्या. शेंगा नाहीत, तूर नाही, चौकशी नाही, निव्वळ ऊन. मलाही तसं जमतं का पाहिलं. थोड्याच वेळात मी आजूबाजूचे शिंपले आकारवार लावले होते. ते घरी न्यायचे नसतात, म्हणून परत पसरून ठेवले. मग पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले. गोदावरी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळते. जायकवाडीने दरवाजे उघडले त्या वर्षी शहागडच्या पुलाखालून गेलेलं पाणी माझ्या आधीच इकडे येऊन बसलेलं असणार. तेव्हा भीती कसली? मी ओळखीच्या पाण्यात उभी होते. जीवरक्षकाला हा भूगोल मान्य नव्हता. त्याने शिट्टी मारून बाहेर काढलं.

शहीद द्वीपाच्या किनाऱ्यांना भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर अशी नावं आहेत. सीतापूरला एकटीने जाणं अगदी रीतीला धरून झालं असतं, पण ते नशिबात नव्हतं. तिकडे जाणाऱ्या जहाजात लाट लागून मी डोळे मिटून बसले असताना कोणीतरी माझ्या तळहातावर आलेपाक ठेवला.

"मराठीच ना ओ तुम्ही? कुठल्या?"

"शहागडच्या."

"रायगडाजवळ का?"

"बीडच्या अलीकडे. जालना जिल्हा."

सांगलीकडच्या बायकांची ती सहल. नवरे घरी ठेवून आलेल्या सगळ्या. एकटी बाई म्हणजे चुकलेलं वासरू, अशी त्यांची पक्की समजूत. उतरेपर्यंत माझी पिशवी एकीच्या खांद्यावर, पाण्याची बाटली दुसरीच्या हातात आणि दशमीवर शेंगदाण्याची चटणी माझ्या तोंडात. धक्क्यावर त्यांच्या मॅनेजरने माणसं मोजली, परत मोजली आणि घाम पुसला. सहलीत एखादी बाई कमी भरली तर काय करायचं हे त्याला माहीत होतं. जास्त भरली तर काय, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यानंतर मला एकांत असा मिळालाच नाही. सीतापूरचा सूर्योदय आम्ही सगळ्यांनी मिळून, भेंड्या लावत पाहिला. मधेच ह्यांचा फोन आला.

"तोड आली का?" मी विचारलं.

"नाही. तिकडं गलका कसला चाललाय? एकटीच गेली होतीस ना?"

परतीच्या जहाजात आलेपाकवाल्या काकू शेजारी येऊन बसल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांना लक्षद्वीपला जायचं होतं, आणि जोडीदारीण गळाली होती. "तुम्ही चला की. एकाच खोलीत राहू. तुमचे पैसे निम्मे वाचतील."

मला तो तिरका पलंग आठवला.

"तसं चाललं असतं हो," मी आवाज खाली आणून म्हटलं, "पण मी झोपेत फार घोरते. आमचे हे त्यापायी ओसरीवर झोपतात."

काकूंनी आनंदाने माझा हात दाबला.

"आगं बाई, मग तर जमलंच की ओ आपलं! मी पण घोरते."