वारा, वल्हे आणि सामुदायिक संकोच

दक्षिण कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहराच्या उत्तर भागातला ला होया हा किनारा समुद्री कयाक-मासेमारीचे तीर्थक्षेत्र मानला जातो, आणि तीर्थक्षेत्राला साजेशा सर्व गोष्टी, म्हणजे पहाटेची गर्दी, गाडी लावण्यावरून होणारी कुरबुर आणि पदरी काही पडेल याची शाश्वती नसताना उपसलेले कष्ट, तेथे मुबलक आढळतात. या लौकिकाचे मूळ भूगोलात आहे. समुद्रतळावरची एक खोल घळ येथे किनाऱ्याच्या अगदी जवळून सुरू होते, आणि थोडे पुढे केल्प या अजस्र तपकिरी समुद्रशैवालाचे जंगल आहे. अनुकूल परिस्थितीत हे शैवाल दिवसाला अर्ध्या मीटरपर्यंत वाढते. त्याच्या आडोशाला लहान मासे राहतात, लहान माशांच्या मागे मोठे मासे येतात आणि मोठ्या माशांच्या मागे, पगारी सुट्टी टाकून, माणसे येतात.

समुद्रात एकट्याने जाऊ नये, चारचौघांनी मिळून जावे, असा या छंदातील संकेत आहे आणि तो सर्वथा योग्य आहे. मात्र वाऱ्याच्या दिवशी या संकेताची एक दुसरी बाजू उघडी पडते: वारा वाढला आहे हे प्रत्येकाला कळलेले असते, परंतु तसे प्रथम बोलून दाखवण्याचा मान प्रत्येक जण मोठ्या उदारपणे दुसऱ्याला देत राहतो.

यासाठी वापरली जाणारी कयाक ही आत बसण्याची नसून वर बसण्याची होडी असते. तिचा सांगाडा प्लॅस्टिकचा, पोकळ व बंदिस्त असतो आणि वर चढलेले पाणी वाहून जावे म्हणून तिला आरपार छिद्रे ठेवलेली असतात. सांगाडा बंदिस्त असल्यामुळे होडी बुडत नाही, पण पाणी ज्या छिद्रांतून जाते त्यांतूनच ते वरही येत असल्यामुळे बसणाऱ्याची बैठकही दिवसभर कोरडी होत नाही. होड्यांत दोन पंथ आहेत. वल्हेवाल्यांचे दोन्ही हात वल्ह्यात गुंतलेले असतात, तर पेडलवाले पायांनी होडी चालवून हात गळासाठी मोकळे ठेवतात. होबी या कंपनीने १९९७ मध्ये पायांनी हलणाऱ्या परांची यंत्रणा बाजारात आणल्यापासून या दोन पंथांत जो सौम्य तुच्छतेचा व्यवहार सुरू झाला, तो अद्याप चालू आहे.

लाटा फोडून बाहेर पडल्यावर आणि गळ टाकण्यास बंदी असलेले राखीव सागरी क्षेत्र ओलांडल्यावर पहिले काम आमिष मिळवण्याचे असते. पिसांसारखे चमकदार धागे बांधलेल्या बारीक गऱ्यांची माळ पाण्यात सोडली की मॅकरेल मासे एकाच वेळी तीन-तीन, चार-चार लागतात आणि ओल्या मांड्यांवर थडथड उड्या मारत, उरलेल्या गऱ्या मच्छीमाराच्या पाटलोणीत अडकवतात. हा मासा आपल्या बांगड्याच्या कुळातला आहे, त्यामुळे मालवणच्या कोणाही समंजस माणसाच्या मते सहल येथेच सुफळ संपूर्ण व्हायला हवी आणि मंडळींनी घरी जाऊन तिखले करायला हवे. परंतु येथे हाच मासा यलोटेल नावाच्या, पिवळ्या शेपटीच्या ताकदवान माशाला अर्पण करण्यासाठी जिवंत ठेवला जातो, आणि बहुधा हातचा बांगडा जाऊन यलोटेलही येत नाही.

शालेय भूगोलात खारे वारे नावाचा एक धडा असतो: दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरची थंड हवा धावते. या धड्याचे प्रात्यक्षिक ला होयात दुपारकडे सुरू होते. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस बोफर्ट याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी वाऱ्याची जी श्रेणी तयार केली, तिच्या आजच्या रूपानुसार तिसऱ्या पायरीवर लाटांच्या माथ्यांवर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो आणि चौथ्या पायरीवर, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, तो जागोजागी दिसतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि ताशी पाचेक किलोमीटर जाणाऱ्या होडीला या गणिताची उजळणी परतताना करावी लागते.

वाऱ्यात समूह हा समूह राहत नाही, कारण उंच काठाची होडी वेगाने वाहते आणि ठेंगणी सावकाश. एका वल्ह्याच्या अंतरावरून गप्पा मारणारी माणसे थोड्याच वेळात एकमेकांना टोपीच्या रंगावरून ओळखू लागतात. यावर उपाय म्हणून ड्रोग, म्हणजे पाण्यात सोडलेला कापडी शंकू, वापरतात. त्यात पाणी भरून होडीचे वाहणे मंदावते, आणि एखादा यलोटेल खरोखरच लागला तर तो प्रथम याच शंकूच्या दोरीला प्रदक्षिणा घालतो.

आता संभाषण वायरलेसवर येते. १६ क्रमांकाची वाहिनी संकटासाठी आणि हाक देण्यासाठी मोकळी ठेवायची असल्याने मंडळी दुसऱ्या वाहिनीवर बोलतात. “तिकडे वारा कसा आहे?” या प्रश्नाचा अर्थ “परतायचे का?” असा असतो, आणि “चालण्यासारखा आहे” या उत्तराचा अर्थ “तू म्हण, मी लगेच निघतो” असा असतो. हा शिष्टाचार लाटा मांडीवर येईपर्यंत चालू शकतो. अशात कोणाची काठी वाकली, तर सर्वांचे परतणे आणखी लांबते. मग घोळ माशाच्या कुळातील व्हाइट सीबास वर येतो, तो २८ इंचांच्या, म्हणजे सुमारे ७१ सेंटिमीटरच्या कायदेशीर मर्यादेत जरासा बसत नाही म्हणून सोडावा लागतो. किंवा समुद्रसिंह मधल्या मध्ये तो लांबवून केवळ मुंडके परत करतो, आणि मुंडक्याची लांबी मोजण्याची तरतूद नियमात नाही. अखेर कोणाला तरी घरचे एखादे महत्त्वाचे काम आठवते आणि त्या कामाबद्दल सर्वांना विलक्षण आस्था वाटून संपूर्ण ताफा त्याला सोबत करण्यासाठी वळतो.

किनाऱ्याला लागताना मागून आलेली लाट होडीचा पार्श्वभाग उचलते, नाक खाली जाते, होडी आडवी होते आणि नंतर उलटी. म्हणून प्रत्येक वस्तू होडीला बांधलेली असावी असा दंडक आहे. जे बांधलेले नसते ते पॅसिफिक महासागराच्या मालकीचे होते, आणि गॉगलच्या बाबतीत हे हस्तांतरण विशेष जलद घडते.

वाऱ्याचे अंतिम मोजमाप मात्र वाहनतळावर होते. बोफर्टची मूळ पद्धत जहाजाच्या शिडांकडे पाहून चालत असे. येथील पद्धत बर्फाच्या पेटीकडे पाहून चालते. ज्याच्या पेटीत मासा असतो त्याच्या स्मरणात मंद झुळूक राहते, ज्याची पेटी रिकामी असते त्याने वादळ पाहिलेले असते, आणि ज्याचा गॉगल गेला तो, वारा वाढल्याचे आपण सकाळीच सांगितले होते, हे शपथेवर सांगायला तयार असतो.