लाडक्या भावा, ओवाळणी परत कर

नृसिंहवाडी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर

लाडक्या भावा,

ओवाळणी भावानं घालायची, बहिणीनं घ्यायची, ही आपली रीत. तू ताटातलीच उचललीस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये, राखीच्या तोंडावर, ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे पैसे खात्यांवर पडायला लागले आणि त्या रांगेत मिशीला पीळ देत तूही घुसलास. चौदा हजारांवर पुरुषांनी ही रक्कम घेतली, असं २०२५ च्या जुलैत पेपरात छापून आलं. शाब्बास रे वाघा! महिना दीड हजारासाठी बाई झालास.

जरा राज्याच्या तिजोरीकडं बघ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी, कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात आणि या एका योजनेसाठी ३६,००० कोटी. मग जूनमध्ये दारूवरचं उत्पादन शुल्क वाढवून १४,००० कोटी जादा मिळतील असा हिशेब मांडला गेला. ते एक वेळ चालेल. पण त्याआधी मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी इकडं वळवले, खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली, तरी वळवले. ज्या खात्यावर मागासवर्गीय पोरांची वसतिगृहं आणि शिष्यवृत्त्या चालतात, ते हे खातं. त्या पोरांच्या तोंडचा घास काढून बहिणीला दिला आणि मधल्या मध्ये तू हात मारलास.

एकदा आमच्या वाडीला ये. घाटाच्या पायऱ्यांवर परडी घेऊन बसलेली बाई बघ: तुळस, झेंडू, नारळ, उदबत्तीचा पुडा. कृष्णेचं पाणी चढलं की देवळाच्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटते. आणखी चढलं की तिची बसायची जागाच पाण्याखाली जाते. २०१९ आणि २०२१ ला तर शिरोळ तालुक्यातली गावंच्या गावं पुरात होती. असल्या महिन्यात दीड हजार म्हणजे तिच्या घरचं पीठ-मीठ. तुझ्यासारख्यांना हुडकायला सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली. तेव्हा तिच्या आधारबरोबर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार, त्यांच्या मोबाईलवरचा ओटीपी मागितला. नवरा वारलेला, वडील कधीच गेलेले, तिनं ओटीपी कुणाचा आणायचा होता? चोरी तुझी आणि हेलपाटे तिचे.

तू एकटा नाहीस, हेही मला ठाऊक आहे. तुझा फॉर्म कुणीतरी मंजूर केला. २०२४ च्या जुलैत अर्ज सुरू झाले, नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान. त्या घाईत तपासणी कुणाला नकोच होती. २६ लाख ३४ हजार जणांचे पैसे थांबवले ते २०२५ च्या जूनपासून, म्हणजे मतं पडून सहा-सात महिने झाल्यावर.

योजना बंद करा म्हणणाऱ्यांशी मी रोज भांडते. ज्यांना झेपतं त्यांच्यावर जादा कर लावा, मीही माझ्या वाट्याचा भरीन. पण तुझी वसुली न करता सरकारनं माझ्या दारात कर मागायला येऊ नये.

तेव्हा भावा, घेतलेले हप्ते मोज आणि नोटिशीची वाट न बघता जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जाऊन भर. जाताना तुझा अर्ज ज्यानं पुढं सरकवला, त्यालाही बरोबर घेऊन जा.

कर भरणारी,
वाडीची एक बहीण