गाडीला खांदे फुटले

धाराशिवहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही रविवारी घटकाभर उभं राहावं. एमएच-२५ पाटीच्या थार आणि स्कॉर्पिओ गाड्यांना खांदे फुटलेले दिसतील. चारही चाकांवर काळ्या प्लास्टिकची जाड, बाहेर आलेली कमान आणि कमानीवर ओळीनं ठोकल्यासारखे बोल्ट. बाजारातलं नाव फेंडर फ्लेअर. गिऱ्हाईक मात्र दुकानात जाऊन 'ते रुंद मडगार्ड दाखवा' एवढंच म्हणतं आणि दुकानदाराला कळतं. आपला जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आरोग्य, शिक्षण, शेती, पाणी अशा आकांक्षा होत्या. चाकापासून चार बोटं बाहेर येण्याची आकांक्षा त्यांच्या तक्त्यात राहून गेली. ती उणीव भरून काढावी म्हणून हा मजकूर. म्हणणं थोडक्यात असं, की फ्लेअर टायरच्या मापानं निवडायचं असतं आणि आपल्याकडे ते मालकाच्या मापानं निवडलं जातं.

टायरचं माप आधी पाहू, कारण तिथं वादाला जागा नाही. रुंद टायर घातला, वेगळ्या ऑफसेटची रिम आणली किंवा चाकामागं स्पेसर कोंबला, की टायर बॉडीच्या बाहेर डोकावू लागतो. डोकावणारा टायर खडे आणि चिखल उडवतो. थोडा स्वतःच्या दारावर, बराचसा मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. बाहेर आलेला तेवढा भाग झाकणारी कमान म्हणजे फ्लेअर. आधी टायर, मग फ्लेअर. आधी डोकं, मग टोपी. मोजायला यंत्र लागत नाही. मडगार्डच्या कडेला गवंड्याचा ओळंबा धरावा आणि दोरा खाली सोडावा. दोरा टायरला टेकून वाकला, तर जितका वाकला तितकं फ्लेअर हवं, वर एखादं बोट अधिक. दोरा टायरला न शिवता सरळ खाली गेला, तर खरेदी तिथंच संपली. आता २ ऑक्टोबर २०२० रोजी बाजारात आलेल्या थारचं उदाहरण घ्या. तिच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात, म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, साधारण दहा इंच. ते दहा इंच झाकायला नाशिकच्या कारखान्यातच चाकांवर काळ्या कमानी बसवलेल्या असतात. कंपनीचेच टायर ठेवून वर आणखी रुंद फ्लेअर चढवलेल्या गाडीचा ओळंबा टायरपासून लांब, हवेत डुलत राहतो. टोपीच्या आत डोकं नाही आणि टोपी मात्र दोन नंबर मोठी, असा हा प्रकार.

मग माणूस हे विकत का घेतो? गाडीवाल्याला मूर्ख ठरवून हा प्रश्न निकालात काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्याचा हिशेब पक्का आहे, फक्त तो मोटारीचा नाही. गेल्या काही वर्षांत सरकारनं मोठ्या माणसाच्या गाडीवरून एकेक खूण उतरवली. १ मे २०१७ पासून लाल दिवा गेला. त्याच वर्षी डिसेंबरात केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं बंपरपुढच्या लोखंडी गार्डवर, म्हणजे बुलबारवर, कारवाई करायला सांगितलं. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी आली आणि ४१४१ वळवून 'दादा', २१४ वळवून 'राम', ८०५५ वळवून 'बॉस' लिहिणारे पेंटर बेकार झाले. आता डोक्यावर दिवा नाही, कपाळाला गार्ड नाही, पाटीवर दादा नाही. प्रतिष्ठा ही पाण्यासारखी असते. वरून दाबली, पुढून अडवली, की बाजूनं बाहेर येते. ती आली चाकांवर. लाल दिव्याला निदान पद लागायचं, फ्लेअरला फक्त डबल टेप लागते. लोकशाही खाली झिरपली ती अशी.

त्या बोल्टांकडेही जरा पाहावं. 'पॉकेट' धाटणीच्या फ्लेअरवर खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात एक चकचकीत बोल्ट. पुष्कळ संचांत हे बोल्ट काहीच धरून ठेवत नाहीत. फ्लेअर बसलेलं असतं मागच्या क्लिपांवर, टेपवर, नाहीतर आत न दिसणाऱ्या स्क्रूंवर. बोल्ट नुसते दिसण्यापुरते. कुठल्याही मंडळाची कार्यकारिणी पाहिलेल्या माणसाला ही रचना ओळखीची वाटेल. कार्याध्यक्ष, सहकार्याध्यक्ष, निमंत्रक, मार्गदर्शक असे ओळीनं चकाकतात, आणि मांडव मात्र आत कुठेतरी न दिसणाऱ्या दोन पोरांनी धरून ठेवलेला असतो.

यावर पहिला आक्षेप भूगोलाचा येतो. 'आमच्याकडचे रस्ते पाहिलेत का? चिखल, दगड, ओढे. इथं फ्लेअर ही गरज आहे.' रस्त्यांबद्दलचं पूर्वपद पूर्ण मान्य. त्यावर कुणाशीही वाद घालायची तयारी नाही. पण निष्कर्ष उलटा आहे. काळी माती ओली झाली, की टायरला चिकटते, टायरबरोबर फिरत मडगार्डच्या पोटात शिरते, थरावर थर बसतो आणि शेवटी चाक फिरायचं थांबतं. म्हणून पावसाळ्यात शेताच्या वाटेनं जाणारा मोटारसायकलवाला पुढचं मडगार्ड वर चढवून घेतो किंवा काढूनच ठेवतो, आणि हाताशी चिखल उकरायला एक काडी ठेवतो. काळ्या रानाला हवी असते चाक आणि मडगार्ड यांच्यामधली मोकळी जागा. फ्लेअर रुंदी देतं, जागा देत नाही; उलट त्याच्या मागच्या फटीत ओली माती दडून बसते आणि दिवाळीनंतर पत्र्याला गंजाचे डोळे फुटतात. ओढ्याचंही तेच. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाईल असं कंपनी सांगते, फ्लेअर लावून त्यात एका मिलिमीटरची भर पडत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा आणि भूमकडे पाणी चढलं तेव्हा लोकांना काढायला लष्कराचं हेलिकॉप्टर आलं होतं. त्याला फ्लेअर नव्हतं.

या जिल्ह्यात मडगार्डची खरी परंपरा शोधायची तर ती ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर सापडेल. रुंद, भक्कम, पत्र्याचं. चिखल अडवून वर दोन माणसं बसवतं, एक डावीकडे, एक उजवीकडे, शिवाय डब्याची पिशवी आणि टेपरेकॉर्डर. कायद्याला हे बसणं मंजूर नाही, आणि त्यात जीवही गेलेत, म्हणून त्याची शिफारस नाही. पण त्या मडगार्डनं आपली रुंदी कामानं कमावली आहे हे कबूल करावंच लागेल. जीपच्या घराण्यातही असंच होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचे पुढचे फेंडर सपाट पत्र्याचे होते. त्यांवर नकाशे पसरले जात आणि शिपाई बसत. महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत त्याच विलिसची जुळणी सुरू केली आणि तिच्या लेकीबाळी पुढे मराठवाड्यात काळी-पिवळी होऊन धावल्या. काळी-पिवळीला फ्लेअर कंपनीनं दिलं नव्हतं, गावानं दिलं होतं. दोन्ही बाजूंनी बाहेर लटकणारे प्रवासी हेच तिचं फ्लेअर. खडा उडाला तर तो त्यांनाच लागायचा, पत्र्याला नाही. आजही वाशी-भूमकडच्या पवनचक्क्यांच्या टेकड्यांवर कच्च्या वाटेनं रोज चढते ती साधी बोलेरो, कंपनीतून आली तशी. रानात जाणाऱ्या गाडीला खांदे नाहीत आणि खांदेवाली गाडी फार तर रसवंतीपुढच्या मुरमात उतरते, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक. 'आम्ही टायरच मोठे घातलेत, मग फ्लेअर नको का?' हवं. मोठा टायर घालून तो उघडा ठेवण्यापेक्षा झाकलेला बरा. मागच्या मोटारसायकलवाल्याच्या वतीनं आभार. पण इथं कायदा येऊन उभा राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातल्या तपशिलांचा उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी मेळ सुटेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडक वाचलं. गाडी ज्या मूळ स्वरूपात मंजूर झाली त्यापासून हटता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं आणि परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय झाली. कायद्यात फ्लेअरचं नाव नाही. अंगानं सडपातळ फ्लेअर कुणी मनावरही घेणार नाही. पण कंपनीनं मान्य न केलेल्या टायर-रिमवर ते बसलं, की ते त्या बदलाचा साक्षीदार होतं, आणि साक्षीदारही कसा, तर दोन्ही बाजूंनी चार बोटं बाहेर येऊन हात वर करणारा. 'प्रत्येक बदलामागं' या शब्दांवर मात्र वकिलांना पुष्कळ काम आहे. चार टायर, चार रिमा, चार फ्लेअर हा एक बदल की बारा? एक धरला, तर दंड २०२५-२६ च्या सोयाबीन हमीभावाहून ३२८ रुपयांनी स्वस्त पडतो. त्या हंगामाला क्विंटलमागं ५,३२८ जाहीर झाले होते. बारा धरले, तर साठ हजार, म्हणजे सव्वाअकरा क्विंटल, तेही हमीभाव हातात पडला तर. थारच्या हप्त्यामागं शेत असेल, तर हे गणित घरच्यांसमोर मांडून पाहावं.

उरला शेवटचा आक्षेप, आणि खरं तर तोच एकटा दमदार आहे. 'हौसेला मोल नसतं.' बरोबर. हा मुलूख हौसेवर जगत आलेला आहे. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लागतं, गळ्यात घुंगरमाळा येतात, पाठीवर आरशांची झूल पडते, आणि त्या दिवशी बैलाच्या मालकाला कुणी विचारत नाही की झुलीनं नांगर खोल जातो का. गाडीवाल्यालाही ते विचारू नये. कुणी 'मला दिसायला आवडतं' म्हणून फ्लेअर लावलं, तर या सदराला बोलायला जागाच राहत नाही. अडचण एवढीच, की तसं म्हणणारा भेटत नाही. प्रत्येकाला 'ऑफ-रोडिंग' हे कारण हवं असतं. शिवाय पोळा संपला की झूल उतरवून घडी घालतात. फ्लेअर ड्रिल मारून बसवलं, तर गाडी विकतानाही उतरत नाही. उतरवलंच तर पत्र्यावर एका कमानीमागं आठ-दहा भोकं उरतात आणि नवं गिऱ्हाईक पहिली बोटं तिथंच घालतं.

तेव्हा हौसेनं घ्यायचं ठरलंच असेल, तर झुलीच्या नियमानं घ्यावं. भोकं न पाडता मूळ क्लिपांच्या जागी बसणारं पाहावं, आणि पत्र्याला लागणाऱ्या कडेला रबराची पट्टी आहे ना हे हातानं चाचपावं. नाहीतर प्लास्टिक थरथरत रंग खरवडतं. एबीएस प्लास्टिक बरं, पण आपल्या उन्हात काळं ते करडं आणि करडं ते पांढुरकं होत जातं, म्हणून उन्हाला टिकणारं आहे का ते विचारावं. फायबरचं स्वस्तात मनासारख्या आकाराचं मिळतं आणि पहिल्या दगडाला किंवा बाभळीच्या खोडाला तडकतं. लवचीक, रबरी अंगाचं महाग, पण दबून परत येतं. दर पावसाळ्यानंतर एकदा आतून पाण्याचा फवारा मारून माती काढावी. रुंदी किती घ्यावी, हे दुकानदाराला विचारू नये. तो गाडीकडे न पाहता मालकाकडे पाहून सांगतो. त्यासाठी ओळंबा लागतो, आणि तो ॲक्सेसरीजच्या दुकानात मिळत नाही, गवंड्याकडे मिळतो.