पन्नाशीतला कान, पहिलीतली बोटं

आमच्या पुण्यात गाणं न येणाऱ्या माणसालाही गाणं कळतं. कधीकधी तर त्यालाच जास्त कळतं. 1953 मध्ये भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला आणि तेव्हापासून या गावात श्रोत्यांच्या पिढ्याच्या पिढ्या तयार झाल्या. रमणबागेच्या मैदानावर सतरंजीवर मांडी ठोकून बसायचं, कानावरचा मफलर जरा बाजूला करायचा आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणायचं, "आज निषाद थोडा चढा लागतोय." मी या परंपरेतला माणूस. शाल, थर्मास आणि मत घेतल्याशिवाय मी कधी सवाईला गेलेलो नाही. (महोत्सव आता मुकुंदनगरला भरतो. मतं तीच आहेत.)

अशा तयार कानाचा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर गिटार शिकायला लागतो, तेव्हा काय होतं ते सांगतो.

आठ वर्षांच्या मुलाचा कान आणि हात एकाच इयत्तेत असतात. ते जे वाजवतं ते त्याला छान वाटतं, म्हणून ते आणखी वाजवतं, आणि एक दिवस ते खरंच छान होतं. माझा कान सेवाज्येष्ठ, बोटं मात्र कालची भरती. त्या कानाने किशोरीताई ऐकलेल्या, मल्लिकार्जुन मन्सूर ऐकलेले. आता त्याच्यासमोर मी रोज संध्याकाळी तीन बोटं तीन तारांवर ठेवतो आणि त्यातल्या दोनच वाजतात. तिसरी 'थप्' करते.

गिटारच का, असं पुष्कळांनी विचारलं. पेटी, तबला, गेला बाजार बासरी तरी. पण पेटी घेतली असती तर ओळखीपाळखीतले निदान पन्नास लोक कसं वाजवावं हे सांगायला घरी आले असते. गिटारीबद्दल आमच्या गोतावळ्यात कोणालाच काही कळत नाही, हा तिचा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा गुण. जाणकार एकच हजर राहणार होता, आणि तो माझ्याच डोक्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेला.

गिटार घेतली ती ड्रेडनॉट घाटाची. हे नाव ब्रिटिश युद्धनौकेचं. 1906 मध्ये ती बोट पाण्यात उतरली, जगभर तिचा गाजावाजा झाला, आणि दहा वर्षांनी अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीने मोठ्या पोटाची, भारदस्त आवाजाची गिटार बनवली तेव्हा तिला तेच नाव मिळालं. माझी अडचण अशी की मोठं पोट आमच्याकडे आधीपासून एक होतं. दोन्ही समोरासमोर आल्यावर गिटार माझ्यापासून इतकी लांब जाते, की डाव्या हाताची बोटं पडद्यांवर कुठे पडताहेत ते पाहायला मला मान वाकडी करून पलीकडे डोकवावं लागतं.

दुकानदाराने मागची बाजू रोजवुडची असल्याचं सांगितलं. रोजवुड म्हणजे आपली शिसव, जिचे जुन्या घरांत पलंग आणि पेटारे असत. परदेशातल्या उत्तम गिटारी पूर्वी ब्राझीलच्या शिसवीच्या व्हायच्या. ब्राझीलने साठच्या दशकाच्या अखेरीस ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, आणि मार्टिनसारखी 1833 पासूनची कंपनी 1969 मध्ये भारतीय शिसवीकडे वळली. दक्षिणेतल्या जंगलांतलं लाकूड पेनसिल्व्हेनियाला जाऊन गिटार होऊ लागलं. पुढे 2017 मध्ये शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर इतके कडक नियम आले की वाद्य घेऊन देशाबाहेर जाणारे वादक धास्तावले. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळायला 2019 उजाडलं. माझ्या गिटारीला असलं काही भय कधीच नव्हतं. तिच्यात शिसव आहे ती प्लायवर चिकटवलेल्या कागदाएवढी.

आमचे सर बावीस-तेवीस वर्षांचे आहेत. मी त्यांना सर म्हणतो, ते मला काका म्हणतात, आणि या दोन हाकांमध्ये नेमकं वरचढ कोण हे अजून ठरलेलं नाही. "काका, मनगट सैल सोडा." "सोडलंय, सर." "काका, ते खांद्याला सांगा." खांदा कानापर्यंत चढला आहे हे मला कळलेलंच नसतं. माझ्या आधीच्या तासाला पाच-सहा मुलं असतात. त्यांच्यातली एक चिमुरडी जाताजाता माझ्या बोटांवर झालेले वळ पाहून गेली आणि म्हणाली, "होतं बरं. नंतर दुखत नाही."

दुखतं याला कारण आहे. पोलादी तारांचा साधा संच चढवला तरी सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या पुढे जातो. म्हणजे एक धडधाकट माणूस त्या पातळ फळीला रात्रंदिवस लोंबकळतो आहे असं समजा. त्याला बोटाच्या टोकाने दाबून गप्प करायचं. पहिले काही आठवडे मी चहाचा कप उजव्याच हाताने धरत होतो. मग टोकांना घट्टे पडले. घट्टे पडल्याचा आनंद मला पदोन्नतीपेक्षा जास्त झाला आणि मी ते बरेच दिवस लोकांना, त्यांनी विचारलेलं नसताना, दाखवत होतो.

घट्ट्यांनी सुटत नाही तो 'एफ' नावाचा कॉर्ड. पहिलं बोट आडवं करून पहिल्या पडद्यावर सहाच्या सहा तारा दाबायच्या, आणि उरलेल्या बोटांनी पुढे आणखी कामं करायची. पहिला पडदा मानेच्या टोकाशी, तारा जिथे खाचेत बसतात तिथून अगदी जवळ असल्यामुळे तिथे तार सगळ्यांत ताठ लागते. हाच आकार पाचव्या पडद्यावर नेला तर बराच सोपा जातो. पण जगातली गाणी लिहिणाऱ्यांना हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

पडदे मानेवर पुढे पुढे जवळ येत जातात, तेही उगाच नाही. गॅलिलिओचे वडील विंचेन्झो गॅलिलेई ल्यूट वाजवायचे. तारेच्या लांबीचे अठरा भाग करा, एका भागावर पहिला पडदा बसवा. उरलेल्या लांबीचे पुन्हा अठरा भाग, त्यातल्या एकावर दुसरा. हा हिशेब त्यांनी सोळाव्या शतकात मांडला आणि वाद्य बनवणारे पुढे शतकानुशतकं त्याच्या आधाराने पडदे बसवत राहिले. मुलाने आकाश मोजलं याचं सगळ्यांना कौतुक; माझी करंगळी रोज अडखळते ती वडिलांच्या हिशेबात.

आणि इथेच माझ्या कानाचं आणि गिटारीचं पहिलं मोठं भांडण झालं. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा गिटारीच्या पडद्यावरचा गंधार 14 सेंटनी चढा असतो. शेजारच्या दोन पडद्यांत 100 सेंटचं अंतर, यावरून काय ते समजा. सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून वाटल्यावर असंच होणार. पेटीचंही हेच दुखणं. ऑल इंडिया रेडिओने 1940 मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती अंशतः उठायला 1971 साल यावं लागलं. त्या बंदीची बाजू मी गप्पांमध्ये अनेकदा हिरिरीने मांडलेली आहे. आता तोच गुन्हेगार सहा तारा लावून माझ्या मांडीवर.

मी इलाज करायचा ठरवला. गिटारीच्या शेजारच्या तारांमध्ये सगळीकडे षड्ज-मध्यमाचं अंतर, फक्त 'जी' आणि 'बी' या दोघींत षड्ज-गंधाराचं. सुरेल कानाला यापेक्षा मोठं आमंत्रण कोणतं? मानेला अडकवलेला ट्यूनर बाजूला ठेवला आणि 'बी' अशी लावली की दोन्ही तारा एकत्र छेडल्यावर घर भरून जावं. घर भरलं. मग 'ई मायनर' वाजवला. त्यात खालच्या सप्तकातला तोच स्वर 'ए' तारेच्या दुसऱ्या पडद्यातून येतो, आणि त्या पडद्याला माझ्या गंधाराशी काही देणंघेणं नव्हतं. दोघं जावाजावांसारखे बोलले. पुन्हा खुंटी पिळली. 'ई मायनर' हसला, 'जी' रुसला.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "हे वाजवतोयस की अजून जुळवतोयस?"

आई ऐंशीच्या पुढे आहे. लहानपणी पेटी शिकली होती. तिच्या प्रश्नाला त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरं सांगायचं तर जुळवण्यातच मला जास्त मजा येत होती. तिथे माझा कान कामाला लागतो आणि बोटांना नुसती खुंटी पिळायची असते. सरांना मी 14 सेंटचं प्रकरण सविस्तर समजावलं. त्यांनी शांतपणे ट्यूनर परत लावला. "काका, सगळे कॉर्ड थोडे थोडे बेसूर ठेवायचे. मग सगळे चालतात."

भारतात कोणाच्याही हातात गिटार दिसली की लोक 'यादों की बारात'मधलं ते काचेच्या किणकिणाटाने सुरू होणारं गाणं मागतात. चित्रपट 1973 चा. ती गिटार भूपिंदर सिंगांची; पुढे गझलगायक म्हणून एवढे नावाजले की त्यांच्या हातात आधी गिटार होती हे पुष्कळांच्या गावीही नसतं. माझ्याकडेही फर्माईश येते. सरांना विचारलं, कधी जमेल? ते म्हणाले, "काचेचा ग्लास आत्ताही जमेल."

या डिसेंबरात सवाईला एका सतारवादकांची तार आलापाच्या मधेच उतरली. त्यांनी उजवा हात न थांबवता डाव्या हाताने खुंटी फिरवली, तार जागेवर आणली आणि जिथून निघाले होते तिथेच येऊन पोचले. शेजारी कोणीतरी 'च्च' केलं. माझ्या तोंडून मात्र मोठ्याने "वाहवा!" निघून गेलं. आजूबाजूच्या चार-पाच शालींनी माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच आलेला दिसतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

क्लासचं गॅदरिंग आता जवळ आलं आहे. मुलांच्या गटात मलाही घेतलं आहे. मी मागच्या रांगेत कॉर्ड धरायचे. "एफ आला की नुसता हात फिरवा, काका," सर म्हणाले, "मुलं सांभाळून घेतील." त्या चिमुरडीने मान हलवली, तिचा 'एफ' दिवाळीतच सुटला आहे. सगळ्यांना एकेक फॉर्म दिला. नाव, इयत्ता, टी-शर्टचं माप. इयत्तेपुढे मी रेघ मारली. टी-शर्टच्या मापांत सगळ्यांत मोठं 'बारा वर्षे' होतं, तिथेही रेघच मारली. शेवटी पालकांच्या सहीचा रकाना.

फॉर्म टेबलावर तसाच पडला होता. आईने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, पेन मागितलं आणि सावकाश, वळणदार सही केली.

"त्या दिवशी घरूनच जुळवून ने," ती म्हणाली.