मायनस तीन, प्लस दोन आणि एक नथ

मोत्यात तार ओवण्याइतका धीर माणसाला साठीत येतो आणि मोत्याचं भोक दिसेनासं होतं चाळिशीत. मधल्या वीस वर्षांचा हिशेब कोणाकडे मागायचा? मी चित्रकलेचा मास्तर. निवृत्त झालो तेव्हा हात मोकळे झाले, डोळे मात्र माझ्या आधीच रजेवर गेले होते.

त्यात मी जळगावचा. या गावाला उगाच सुवर्णनगरी म्हणत नाहीत. राजमल लखीचंदांची पेढी 1854 सालची, म्हणजे मुंबई-ठाणे आगगाडी धावली त्याच्या पुढच्याच वर्षीची. इथल्या माणसाला दागिन्यांतलं काही ना काही कळावंच लागतं. काही नाही तर निदान कळल्यासारखी मान तरी हलवावी लागते. माझ्या पेन्शनीत सोनं बसत नाही, म्हणून मी सोन्याचं पाणी दिलेली तार आणि मोती यांच्यावर भागवतो. नथी करतो.

याला निमित्त झाली आमची खानदेशातली देवी, कानबाई. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे ती बसते आणि रोटांना सगळी भाऊबंदकी जमते. एका वर्षी देवी म्हणून मांडायच्या नारळाला घालायच्या नथेची तार तुटली. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमना हात चांगला शे, तुम्हीच जोडी द्या." हाताची स्तुती ऐकून मी हो म्हणालो. डोळ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही आपण होऊन माहिती दिली नाही.

माझा लांबचा नंबर मायनस तीन. वाचायला त्यात प्लस दोनची भर. शिवाय उजव्या डोळ्याला सिलिंडर. हे सगळं एकाच प्रोग्रेसिव्ह काचेत बसवलेलं आहे: वरून रस्ता दिसतो, खालून पेपर दिसतो, आणि मधून जे दिसतं त्याला अंदाज म्हणतात.

पहिली मदत धुळ्याहून आली. तिथले आमचे मेहुणे मोडी वाचतात. इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली धुळ्यातच गेले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथे आहे, आणि तिथल्या जुन्या कागदांची गोडी ज्याला लागली तो घरच्यांच्या कामाचा राहत नाही. मेहुण्यांनी मोठ्या मनाने आपलं मुठीचं भिंग मला दिलं. भिंग उत्तम. पण मोडीचा कागद टेबलावर निवांत पडून असतो, त्यावर भिंग फिरवलं की झालं. नथेला एका हातात तार लागते, दुसऱ्यात मोती. भिंग कोण धरणार? वणीच्या सप्तशृंगीला अठरा हात आहेत, तिला ते चाललं असतं.

मग घड्याळजींकडे असतो तो आयग्लास आणला. भुवई आणि गाल यांच्या चिमटीत ही काळी नळी धरायची. घड्याळजी ती डोळ्यात ठेवून चहा पितात, गिऱ्हाइकाशी भाव करतात. पण चष्म्यावरून ती बसत नाही आणि चष्मा काढला तर उजव्या डोळ्याचं सिलिंडर उघडं पडतं. साधा मायनस-प्लस नंबर असेल तर भिंग थोडं मागेपुढे करून तो भरून निघतो. सिलिंडरला ही लाच चालत नाही, त्याला चष्म्याचीच काच लागते. ती नसली की गोल मोती मला लांबट दिसतो.

यावर तोड म्हणून चष्म्याच्या दांडीला अडकवायची भिंगं मिळतात. छोटी तार, तिला काच. नको तेव्हा वर उचलायची. मी पाच पटीचं घेतलं. इथे थोडं गणित आहे आणि ते कोणी आधी सांगत नाही. पंचवीस सेंटिमीटरला जितक्या पटीचं भिंग असेल तितक्याने भागायचं, साधारण तेवढ्या अंतरावर वस्तू धरावी लागते. पाच पटीला पाच सेंटिमीटर. म्हणजे मोती नाकाच्या शेंड्यासमोर, पकडीचा दांडा हनुवटीला आणि माझ्याच बोटांची सावली मोत्यावर. दहा पटीचं घ्याल तर अंतर उरतं अडीच सेंटिमीटर. तेवढ्यात पकड शिरणार कुठून? दहा पटीचं भिंग पाहण्यासाठी असतं, करण्यासाठी नसतं.

पाहण्यासाठी तरी ते कितपत, तेही सांगतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या सोन्यावर सहा अक्षर-आकड्यांची एचयूआयडी असल्याशिवाय दुकानदाराला तो दागिना विकता येत नाही. ती लेझरने इतकी बारीक कोरतात की गिऱ्हाइकाला वाचता यावी म्हणून दुकानात दहा पटीचं भिंग ठेवण्याचाही नियम आहे. आम्ही पुतणीच्या लग्नासाठी अंगठी घ्यायला गेलो तेव्हा मी अधिकाराने भिंग मागितलं. बहुतेक गिऱ्हाइकं ते वस्तूजवळ धरून लांबून बघतात. मी जाणकार, म्हणून डोळ्याशी नेलं. ते चष्म्याच्या काचेवर टक्कन आपटलं. सेल्समन आदराने थांबला. मी एक अक्षर बी वाचलं, मग आठ वाचलं, मग पुन्हा बी. तेवढ्यात सौभाग्यवतींनी मोबाइल काढला, अंगठीचा फोटो घेतला, दोन बोटांनी ताणला आणि सहाही अक्षरं घडाघडा वाचून बीआयएसच्या ॲपमध्ये घातली. नोंद जुळली. "आठ आहे," त्या म्हणाल्या. "आणि ते भिंग त्यांना परत द्या."

अखेर डोक्याला पट्ट्याने बांधायचं भिंग आणलं. हे चष्म्यावरून बसतं, दोन्ही डोळ्यांना काच मिळते, हात मोकळे राहतात. मोठं काही दिसत नाही, फार तर दुप्पट, पण काम वीतभर अंतरावर करता येतं, आणि तेवढीच सोय माणसाला हवी असते. गोम प्रोग्रेसिव्ह काचेत आहे. माझं भिंग प्लस चारचं. चष्म्याच्या वरच्या भागातून पाहिलं तर मोती पंचवीस सेंटिमीटरवर स्पष्ट. नजर जरा खाली घसरली की वाचायचे प्लस दोन त्यात मिळतात, सहा होतात, आणि आता मोती सतरा सेंटिमीटरवर हवा असतो. मोती तर जागचा हललेला नाही. मग डोकं हलवायचं. वर, खाली, थोडं वर. टेबलाशी बसलेला मी बाहेरून नंदीबैलासारखा दिसतो. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून विचारतात, "चहा टाकू?" आणि माझी मान तेव्हा नेमकी भोकाच्या शोधात असते. त्या दुपारी मी कपामागून कप चहा प्यालो. "भावाच्या मुलाला एकवीसशे आहेर करू या ना?" हेही त्यांनी तेव्हाच विचारून घेतलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला तो सरळ होता: अशा कामाला प्रोग्रेसिव्ह नको, एकाच नंबरचा साधा चष्मा करा, त्यावर भिंग बांधा. तो केला. मान थांबली. घरातले माझे होकारही थांबले, ते काहींना खटकलं.

आमचा मे महिना मात्र कोणताच डॉक्टर सोडवू शकत नाही. पारा पंचेचाळिशीला, कपाळावर पट्टा, पट्ट्याखाली घाम, घामाचा थेंब आधी भिंगावर, मग चष्म्यावर. पंखा लावला तर मोती टेबलावरून घरंगळतात. माझा मोती हरवला तर मी खाटेखाली शिरतो. सराफ बाजारात गोष्ट वेगळी आहे. तिथल्या कचऱ्यालाही भाव असतो आणि माती धुऊन सोन्याचा कण काढणारे झारेकरी असतात.

धुळ्याला गेलो की मी एका म्हाताऱ्या सोनारांना भेटतो. जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत आणि यांचं दुकान अशाच एका नंबराच्या गल्लीत. स्वतःचा नंबर मायनस सहा. त्यांनी आयुष्यात भिंग विकत घेतलं नाही. चष्मा काढायचा आणि दागिना डोळ्यांसमोर सोळा-सतरा सेंटिमीटरवर धरायचा. तिथे मायनस सहाच्या माणसाला लख्ख दिसतं, आणि जवळ धरल्यामुळे मोठंही. लहानपणी ज्या डोळ्यांवरून पोरांनी चिडवलं त्याच डोळ्यांवर त्यांनी घर बांधलं. मग मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झकास झालं, आत भिंग बसलं, लांबचं स्वच्छ. आता त्यांना समोरच्या टोकाची पाटी वाचता येते, पण हातातल्या साखळीचा डाग दिसत नाही. "पाटी काय वाचायची?" ते म्हणाले. "साठ वर्षं झाली, मला पाठ आहे ती." आतलं भिंग जवळचं पाहण्याच्या हिशेबानेही बसवता येतं, फक्त आपला धंदा काय ते डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी सांगावं लागतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. परवा मी माझं पाच पटीचं भिंग त्यांच्या नव्या चष्म्याच्या दांडीला लावून दिलं. त्यांनी साखळी पाहिली, मग माझी नथ मागून घेतली, पाहिली आणि भिंग वर उचलून म्हणाले, "मास्तर, चित्रं काढत जा."

एवढ्याने मी खचणारा नाही. जळगावच्या सराफ बाजारात एक बंगाली कारागीर बारीक खडे बसवतो. त्याच्याकडे दोन डोळ्यांनी पाहायचा मायक्रोस्कोप आहे. काम खाली दूर राहतं, मान सरळ राहते, हात मोकळे. मी सवयीने चष्मा काढायला लागलो तर तो म्हणाला, "काका, चश्मा मत उतारो." काही मायक्रोस्कोपांच्या डोळा लावायच्या नळ्या चष्मेवाल्यांसाठीच केलेल्या असतात, डोळा थोडा लांब असला तरी त्यातून पूर्ण दिसतं. ओळखायची खूण म्हणून त्या नळीवर चष्म्याचं छोटं चित्र असतं. कुठे आहे, म्हणून मी विचारलं. त्याने बोट ठेवलं. ते इतकं छोटं होतं की पाहण्यासाठी मला चष्मा काढावा लागला.