वाढत्या अंगाचं जॅकेट

मे महिन्यात पुण्यात गरम कपडे मागितले की दुकानदार आधी आपल्याकडे बघतो आणि मग पंख्याकडे. लक्ष्मी रोडवरच्या त्या गृहस्थांनी माळ्यावरून गठ्ठा काढला, त्याची धूळ आमच्यावरच झटकली, आमच्या सव्वादोन वर्षांच्या चिरंजिवांना नजरेनंच मापलं आणि चार वर्षांच्या मुलाचं जॅकेट पुढ्यात टाकलं. "वाढत्या अंगाचं घ्या!" मराठी माणसाचं निम्मं बालपण वाढत्या अंगाच्या कपड्यांत जातं, अंग वाढेस्तोवर कपडा विटतो. चिरंजीव आत शिरले ते दिसेनासेच झाले. बाह्या गुडघ्यापर्यंत, टोपी हनुवटीपर्यंत. आतून नुसतं "भॉ!" ऐकू आलं.

मनालीची थंडी हा प्रश्न सोपा होता. अवघड होती ती वाट. झेलम एक्सप्रेसनं अंबाला, पुढे गाडीनं मनाली, आणि मग अटल बोगद्यापलीकडचा बर्फ. पुणे 560 मीटरवर, मनाली दोन हजारांच्या आसपास, बोगदा तीन हजारांच्याही वर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. शिवाय मधे भुसावळ! एवढ्या सगळ्या हवांना पुरेल असं एकच जॅकेट हवं, हा बायकोचा आग्रह. कारण बॅगेत जागा तेवढीच होती.

"एक जाड घेण्यापेक्षा दोन पातळ घ्या. ऊब कापडात नसते, मधल्या हवेत असते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदार्थविज्ञान शिकलेलं नाही, पण गोधड्या पुष्कळ शिवल्यात. मग बाहेर वारा-पाणी अडवणारं, आत चेननं जोडलेलं फ्लीसचं, असं दुहेरी जॅकेट ठरलं. पिसं भरलेलं हलकंफुलकं एक होतं, पण पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब जाते. आणि आमचे चिरंजीव कोरडे असे फक्त फोटोत असतात. टोपीची नाडी बायकोनं दुकानातच ओढून काढली. घसरगुंडीला अडकली तर गळ्याला फास बसतो. ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या कोटाच्या टोपीला अशी नाडी लावून विकायला 1976 पासून बंदी आहे. आमचे दुकानदार मात्र ती नाडी खास सोय म्हणून दाखवत होते.

जॅकेटाची पहिली कसोटी हिमालयात नव्हे, भुसावळला लागली. फलाटावर माणसं डोक्याला ओली फडकी बांधून उभी, आणि थ्री टायर एसीत आमचं बाळ टोपीसकट जॅकेटात. तिथेच त्याला चेनचा शोध लागला. वर, खाली, वर, खाली. "अरे, चेन ओढू नकोस!" बायको ओरडली आणि वरच्या बर्थवरचे काका घाबरून ताडकन उठले. डोकं छताला आपटलं. गाडी थांबली नाही, एवढंच.

मनालीहून निघाल्यावर ड्रायव्हरनं न विचारताच भाड्याच्या कोटांच्या दुकानापुढे गाडी लावली. "बच्चे को ठंड लग जाएगी, साहब." गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध, लालभडक, आधीच्या कैक पर्यटकांच्या घामाच्या आठवणी जपून असलेला पोशाख. मी नाही म्हटलं. ड्रायव्हरच्या चेहऱ्यावर माझ्या पितृत्वाविषयी शंका उमटली.

नऊ किलोमीटरचा बोगदा संपला आणि कोकसरच्या बर्फात त्या नकाराचं चीज झालं. शेजारच्या नागपूरकर कुटुंबातल्या पोराला शू लागली. पोर त्या एकसंध लाल पोशाखात. वडील चेन शोधताहेत, आई हातमोजे काढतेय, काका बर्फात आडोसा धरून उभे. चेन पोटापाशी अडकली. "जरा थांब न बाप्पा!" वडील विनवत होते. बाप्पा थांबले नाहीत. आमच्याकडे जॅकेट वर, पँट खाली, काम तमाम. मुलासाठी जॅकेट घेताना रंग, कंपनी, उणे किती अंश वगैरे सगळं नंतर विचारावं. आधी ही परीक्षा घ्यावी.

दुपारी मात्र उन्हानं कहर केला. बर्फावरून परतणारं ऊन तोंड भाजून काढत होतं. दुहेरी जॅकेटाची फोड झाली: आतलं सासूबाईंच्या गुडघ्यांवर, बाहेरचं बर्फावर बसायला अंथरलेलं. अंथरलेल्यावर आम्ही दोघं, आणि आमच्या मधोमध नुसत्या बनियनवर मॅगी ओरपणारे चिरंजीव.

ड्रायव्हर लांबून बघत होता. शेवटी न राहवून आला आणि स्वतःचा मफलर काढून त्यानं पोराच्या गळ्यात घातला. "गरीब लोग हैं," असं तो नागपूरकरांना सांगत होता, ते मला स्पष्ट ऐकू आलं.